आडव्या रेघेनंतर

परसोडीच्या आयटी पार्कात रात्री एक वाजता
एसीसुद्धा दमल्यासारखा वाजतो,
आणि काचेपलीकडे मे महिना अजून विझलेला नाही.
आज एका लायब्ररीनं कूस बदलली.
पाचची सहा झाली. एवढंच.
पण तिच्या खांद्यावर हात ठेवून उभी असलेली
दोनशे चौदा पॅकेजं एकदम अडखळली.
चालू केली की विचारतात, पाच कुठाय?
आम्ही पाचलाच ओळखतो.

म्हणजे आता सगळी पुन्हा बांधायची.
कुणाच्या कोडमधला स्वल्पविरामही हलवायचा नाही,
फक्त नव्या लायब्ररीशी गाठ मारून द्यायची
आणि शेवटचा आकडा एकानं वाढवायचा.

नव्यानं आलेला हेरंब बावनकर विचारतो,
"काही बदललंच नाही मॅडम, तर नंबर काऊन बदलायचा?"
नाही बदललास, तर लोकांच्या मशीनी
तुझ्याकडे बघणारही नाहीत.
तोच नंबर दिसला की म्हणतील, हे तर आहे आपल्याकडे,
आणि मोडकं उराशी धरून बसतील.
"मग एक पॉइंट सहाचं सात करतो."
नाही रे. रेघेच्या अलीकडचं, लिहिणाऱ्याचं.
तिथं आपण हात लावायचा नाही.
आपलं ते रेघेच्या पलीकडे.

पाचपावलीत बाबांचं कूलरचं दुकान होतं.
दुकान म्हणजे टिनाचं शेड,
आणि मार्च लागला की अर्धा रस्ता.
वाळा बदल, पंप बदल, तळाला डांबर मार,
आणि मागच्या अंगाला, जे भिंतीकडेच जायचं,
लाल ऑइलपेंटनं एक रेघ.
कंपनीच्या पाटीला त्यांनी कधी ब्रश लागू दिला नाही.
लकडगंजच्या उकेबाईंचा कूलर सोळा रेघांचा.
त्या विचारायच्या, "पैसे तर घेतले जी,
मग नवा काऊन दिसत नाही?"
बाबा म्हणायचे, "नवा नाहीच बाई. थंडा आहे."

अडीचला हेरंबचा चेहरा उतरला.
चारच्या जागी त्याच्या हातून चाळीस पडलं होतं
आणि सुटलंही होतं, सगळ्या सर्व्हरांवर.
"मागे घेतो ना."
मागे घेता येत नाही.
चाळीस पाहिलेल्या मशीनला पाच म्हणजे जुनं वाटतं.
आता पुढचं एक्केचाळीस.
एक उपाय आहे, सगळ्यांच्या आधी एक
आणि त्यापुढे विसर्गासारखी दोन टिंबं,
पण ती एकदा लागली की त्या पॅकेजच्या जन्माला पुरतात.
चाळीससाठी एवढी शिक्षा नको.
लिही नोंद: चुकीनं चाळीस.
त्यानं लिहिलं, खोडलं, पुन्हा लिहिलं,
आणि थर्मासमधला उरलेला चहा मला दिला.

शेवटून तिसरं पॅकेज
जुन्या फॉन्टांमधली मराठी सरळ करणारं.
लिहिणारा कुणी एस. ढबाले,
अकरा वर्षांपूर्वी दोन पॉइंट एकवर थांबला.
मेल टाकला तर पत्ताच परत येतो.
रेघेच्या अलीकडे तेव्हापासून पान हललेलं नाही.
पलीकडे एकोणीस.
एकोणीस वेळा कुणीतरी
न वाचता, न बदलता,
त्याला पुढच्या लायब्ररीच्या हवाली केलंय.
त्यातले सात मीच. आत्ता मोजले.

मी वीस केलं.
कारणाच्या रकान्यात रोजचंच वाक्य:
नव्या लायब्ररीसाठी पुन्हा बांधलं.
बाकी काही नाही.

बांधून होईपर्यंत खिडकीशी उभी राहिले.
खाली चौकीदाराच्या खोलीला लावलेला कूलर
कोरडा खडखडतोय केव्हाचा.
हेरंब, जाऊन सांग बे त्याला,
पाणी संपलंय म्हणून.